पडद्याच्या बाहेरचा जोतिबा

जोतिबाच्या चैत्र यात्रेचे जुने फोटो तुमच्या घरात असतील तर त्यांच्या निगेटिव्ह कुठं आहेत ते आधी शोधा, प्रिंट नंतर बघा. असं का म्हणतेय ते सांगते, थोडं लांबण लागेल पण सांगते.

आमच्या आजोळी कराडला फोटो स्टुडिओ होता. आजोबांनी काढलेला, नंतर मामांनी चालवला, आणि कलर लॅब गल्लोगल्ली आल्या तसा हळूहळू बंद पडत गेला. वर्षभर लग्नं, पासपोर्ट, शाळेचे ग्रुप फोटो चालायचेच पण खरी कमाई चैत्रात, जोतिबाच्या डोंगरावर. गुढीपाडवा झाला की घरात सामान बांधायची गडबड, ट्रायपॉड, कॅमेरा, रंगवलेला पडदा, दोन स्टुलं, एक नक्षीची खुर्ची आणि पत्र्याची मोठी पेटी. कामदा एकादशीच्या आसपास वर पोचायचं, पाल ठोकायचं आणि पौर्णिमा होऊन गर्दी उतरेपर्यंत तिथंच मुक्काम. आजोबांच्या वेळी बैलगाडीनं जायचे म्हणे, मामांच्या वेळी एसटीच्या टपावर सामान टाकून.

ज्यांनी ही यात्रा बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वाडी रत्नागिरी म्हणजे जोतिबाचा डोंगर, पन्हाळा तालुक्यात, कोल्हापुरापासून साधारण १८ किलोमीटरवर. चैत्र पौर्णिमेला मुख्य दिवस असतो, म्हणजे ऐन उन्हाळा, डोक्यावर ऊन आणि पायाखाली तापलेला दगड. गावोगावच्या सासनकाठ्या येतात, उंचच उंच कळक, त्याला रंगीत कापड, काही काठ्या पन्नास फुटांच्या वर. काठी एकजण अंगावर घेऊन नाचवतो आणि बाजूनं चार दिशांना माणसं दोऱ्या धरून तोल सांभाळत असतात, त्या दोऱ्यांना तोरण्या म्हणतात. पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या पाडळीच्या काठीचा, मग पाटणकडच्या विह्याची. दुपारनंतर काठ्या यमाईच्या देवळाकडं निघतात, संध्याकाळी पालखी निघते, तोफेची सलामी होते, तिकडं यमाईचं आणि जमदग्नीचं लग्न लागतं, जमदग्नी म्हणून कट्यार असते. गुलाल, खोबरं आणि दवणा उधळत लाखो माणसं एकाच वेळी 'जोतिबाच्या नावानं चांगभलं' म्हणतात, तो आवाज एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही.

आणि या सगळ्यात मामांनी काय टिपलं, तर पडद्यापुढं बसलेली कुटुंबं. कारण पैसे त्याचेच मिळायचे. काठीचा फोटो कोण विकत घेणार, काठी तर गावात आहेच. नवरा बायको, मांडीवर लेकरू, मागं महाल आणि कारंजं रंगवलेला पडदा. एक रुपया आगाऊ घ्यायचा, रजिस्टरात नाव गाव लिहायचं आणि प्रिंट नंतर पोस्टानं पाठवायची किंवा पुढच्या खेट्यांना हातात द्यायची. माघात रविवारी जोतिबाचे खेटे असतात, तेव्हा तीच माणसं परत डोंगर चढून येतात, म्हणून हा हिशोब जमायचा.

मामा गेले त्यानंतर दुकानाची जागा द्यायची ठरली आणि माळ्यावरच्या पेट्या खाली आल्या. मधे २०२० ला यात्रा रद्दच झाली, लॉकडाऊन होता, त्याच्या पुढच्या वर्षीही भाविकांना वर जाता आलं नाही, आणि त्या काळात आमच्या ओळखीतली डोंगराची माहिती असलेली बरीच म्हातारी माणसं गेली. मामी म्हणाली, "अगं, आता ह्यातलं कुणाला काय विचारायचं म्हटलं तर विचारायला माणूस राहिना. तुला जमतंय तर तू बघ, नायतर भंगारात जाईल." भंगारात जाईल हे ती उगीच म्हणत नव्हती. जुन्या फिल्ममधली चांदी काढणारे लोक निगेटिव्ह किलोवर घेतात, आणि कितीतरी स्टुडिओंची आख्खी रास अशीच गेली आहे.

पेट्या उघडल्यावर सगळ्यात आधी नाकानं काम केलं. जुनी फिल्म खराब व्हायला लागली की तिला व्हिनेगरचा वास येतो, म्हणजे फिल्मचा जो ॲसिटेटचा पाया असतो तो फुटायला लागलेला असतो, आणि हा रोग शेजारच्या चांगल्या फिल्मला पण लागतो. म्हणून वास येणारी पाकिटं पहिल्यांदा वेगळी काढली, ती वेगळ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, वेगळ्या खोलीत. त्यातल्या काही निगेटिव्ह आक्रसून त्यावरचा थर सुरकुतला होता, त्या सगळ्यांच्या आधी स्कॅन केल्या कारण त्यांना वेळ कमी. बाकीचा माल तीन प्रकारचा निघाला. आजोबांच्या काळातल्या काचेच्या प्लेटा, मामांच्या हातच्या १२० च्या, म्हणजे रुंद फिल्मच्या रोलच्या चौकोनी निगेटिव्ह, आणि नंतरच्या पस्तीस एमएमच्या कलर पट्ट्या. चौकोनी निगेटिव्हच्या कडेला कुठं ऑर्वो, कुठं इंदू असं छापलेलं दिसतं. इंदू म्हणजे आपल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा माल, ऊटीच्या कारखान्यातला, आणि ऑर्वो पूर्व जर्मनीतून यायचा. बाहेरचा भारी माल मिळायचा नाही, मिळाला तर परवडायचा नाही, त्यामुळं अख्ख्या महाराष्ट्रातले त्या वेळचे साधे स्टुडिओ याच दोन नावांवर चालले.

बुरशी खूप होती. कराडचा पावसाळा आणि पत्र्याचं माळं, दुसरं काय होणार. निगेटिव्हवर पांढरी जाळी धरते ती बघून पहिला हात पाण्याकडं जातो, पण पाणी लावायचं नाही. बुरशीनं जिलेटिनचा थर इतका मऊ केलेला असतो की पाण्यात तो विरघळून चित्रासकट निघून जातो. आधी हवेचा रबरी फुगा मारायचा, मग मऊ ब्रशनं हलक्या हातानं, आणि त्यातूनही डाग राहिला तर फक्त गुळगुळीत बाजूला, म्हणजे ज्या बाजूला चित्राचा थर नाही त्या बाजूला, शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाला लावून. चमकणारी बाजू म्हणजे पाया, मंद मॅट दिसते ती चित्राची बाजू. हातात पातळ मोजे, आणि तोंडाला मास्क, बुरशी छातीत जाते हो.

स्कॅनिंगचं म्हणाल तर ट्रान्सपरन्सीची सोय, म्हणजे फिल्ममधून आरपार उजेड टाकायची सोय असलेला साधा फ्लॅटबेड स्कॅनर पुरतो. चौकोनी निगेटिव्ह २४०० डीपीआयला स्कॅन केली की दोन्ही बाजूंना साधारण ५,३०० पिक्सेल येतात, १६ बिटमधे ठेवली तर एकेक फाईल पन्नास पंचावन्न एमबीची होते. जागा लागते, लागू दे. फिल्म काचेला चिकटली की इंद्रधनुष्यासारखी वेडीवाकडी वर्तुळं येतात, ती टाळायला फिल्म होल्डरमधेच ठेवायची, काचेवर थेट नाही. आणि निगेटिव्ह उलटी तर पडली नाही ना हे बघायचं, कडेची छापील अक्षरं सरळ वाचता आली की बाजू बरोबर. हे महत्त्वाचं अशासाठी की उलट्या फोटोत डावा खांदा उजवा होतो, पदर फिरतो, आणि देऊळ कुठल्या हाताला होतं यावरून जागा ओळखायची असेल तर सगळाच घोळ होतो.

आता मुख्य गोष्ट. मामांच्या प्रिंट मी लहानपणापासून बघितलेल्या, त्यात फक्त माणसं आणि पडदा. पण निगेटिव्ह आख्खी स्कॅन केली, होल्डरच्या कडेपर्यंत, तेव्हा दिसलं की पडदा मुळात अरुंद होता. सहा बाय सहा सेंटिमीटरच्या चौकोनात पडद्याच्या दोन्ही बाजूंना भरपूर जागा उरायची, मामा ती एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायच्या यंत्राखाली, कापून टाकायचे आणि गिऱ्हाइकाला नुसता महाल आणि कारंजं द्यायचे. कापून टाकलेल्या त्या कडांमधे आख्खी यात्रा आहे.

एक निगेटिव्ह सांगते. मधोमध एक जोडपं, तो फेटा बांधून ताठ बसलाय, ती शेजारी उभी, पदर डोक्यावरून, हात त्याच्या खुर्चीच्या पाठीवर. प्रिंटमधे एवढंच. निगेटिव्हमधे डावीकडं पडद्याची काठी संपते तिथून पुढं एक खोबऱ्याचं दुकान, पोत्यावर खोबऱ्याच्या वाट्यांची रास, तिच्यामागं बसलेला माणूस गिऱ्हाइकाला तराजू दाखवतोय, आणि तराजूच्या एका पारड्यात वजनाऐवजी दगड. त्याच्यामागं दीपमाळ, आणि दीपमाळेच्या पायरीवर एक पोरगी बसून पायातला काटा काढतेय. उजवीकडं त्याहून भारी. एक सासनकाठी तिरकी झालीय, बरीच तिरकी, तोरणी धरलेले दोघं मागं रेलून टाचा रोवून उभे आहेत आणि तिसऱ्याच्या हातातून दोरी निसटतेय, त्याचं तोंड उघडं. पाच पावलांवर हे चाललंय आणि मधलं जोडपं कॅमेऱ्याकडं बघत श्वास रोखून बसलंय. काठी सावरली का पडली ते कळत नाही. पुढच्या निगेटिव्हमधे दुसरं कुटुंब आहे आणि उजव्या कोपऱ्यात नुसती पाठमोरी गर्दी.

असे कितीतरी. एका कोपऱ्यात पिपाणीवाला गाल फुगवून, एका कोपऱ्यात हलगी शेकायला पेटवलेलं गवत, कुठं उसाच्या रसाचा लाकडी घाणा, कुठं पाण्याच्या रांगेत ठेवलेल्या कळशा. डोंगरावर पाण्याची किती आबाळ होती ते या कळशांच्या रांगा बघून समजतं, आता गायमुखापाशी अन्नछत्र असतं, टँकर येतात, तेव्हा पितळी कळशी हीच काय ती सोय. मंदिराच्या बाजूनं काढलेल्या फोटोत राणोजी शिंद्यांनी १७३० साली बांधलेल्या मुख्य देवळाची भिंत दिसते, काळा दगड मोकळा आहे, आज जिथं दुकानं आणि फलक लागलेत तिथं नुसती ओवरी आणि टेकलेली गाठोडी. इतिहासाच्या पुस्तकात बांधणीचं साल मिळतं पण ओवरीत माणसं कशी झोपायची ते या कापलेल्या कडेतच मिळतं. म्हणून माझं ठाम मत झालंय की जुन्या जत्रेच्या फोटोंना हात लावताना कुणीही, अगदी कुणीही, क्रॉप करू नये. सुबक फ्रेम पाहिजे असेल तर कॉपी करून तिच्यात करा, मूळ फाईल कडेपर्यंत ठेवा, फिल्मची काळी कड पण राहू द्या.

साल लावणं हे वेगळंच प्रकरण. रजिस्टर होती पण सगळी नाहीत, काही वाळवीनं खाल्लेली. आजोबांच्या रजिस्टरात तिथी लिहिलेली, साल शके, आणि काही पाकिटांवर मोडी. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी ओळखीत होते, त्यांनी बसून वाचून दिलं, एका पाकिटावर 'करवीर इलाखा' असं होतं. कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं १ मार्च १९४९ ला, म्हणजे ती प्लेट त्याच्या आधीची किंवा आजोबांच्या बोटात जुनी सवय राहिलेली असतानाची, एवढंच म्हणता येतं, त्यापुढं ताणायचं नाही. दर आण्यात लिहिलेला असेल तर साधारण १९५७ च्या आधीचं किंवा फार तर थोडं नंतरचं, त्या वर्षी १ एप्रिलला नवे पैसे आले. भिंतीवर कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण दिसला तर साठच्या दशकाच्या शेवटानंतरचं. मागं उभ्या गाडीचा नंबर दिसत असेल तर लॉटरीच, कारण १९८९ ला नंबरची पद्धत बदलून जिल्ह्याला आकडा आला, कोल्हापूर ०९, सांगली १०, सातारा ११, त्यामुळं ०९ ची पाटी दिसली की त्याच्या आधीचा फोटो असूच शकत नाही. आणि सावल्यांवरून दिवसाचा अंदाज बांधायचा तर जपून. चैत्र पौर्णिमा एखाद्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला येते एखाद्या वर्षी अखेरीला, २०२३ ला ६ एप्रिलला होती आणि २०२४ ला २३ एप्रिलला, त्यामुळं नुसता 'चैत्र' लिहिलेला असेल तर महिन्याचा पण भरवसा धरू नका, पंचांग काढून बघा.

कलर फोटोंनी मात्र फार छळलं, आणि इथं एक गोष्ट आहे जी मला कुठंच लिहिलेली मिळाली नव्हती म्हणून सविस्तर सांगते. सत्तर ऐंशीच्या दशकातल्या कलर प्रिंट अंधारात ठेवल्या तरी फिकट होतात, त्यातला निळसर हिरवा रंग आधी उडतो आणि सगळा फोटो गुलाबी लाल पडतो. आता जोतिबाच्या यात्रेचा फोटो मुळातच गुलाबी. माणसं गुलालात न्हालेली, पायऱ्या गुलाबी, बैल गुलाबी, हवा गुलाबी. मग फोटोतला कुठला गुलाबी रंग गुलालाचा आणि कुठला म्हातारपणाचा?

पुण्यातल्या एका लॅबला मी नमुन्यादाखल काही प्रिंट दिल्या होत्या. त्यांनी मशिनवर ऑटो करेक्शन मारून दिलं आणि परत आले ते फोटो बघून पोटात गोळा आला. कंप्युटरला वाटलं सगळा गुलाबी म्हणजे दोष, त्यानं तो काढून टाकला, पांढरी धोतरं पांढरी झाली, पायऱ्या राखाडी झाल्या आणि गुलालानं भरलेली माणसं चेहऱ्याला पीठ लागल्यासारखी दिसायला लागली. यात्रेतला गुलाल पुसला म्हणजे राहिलं काय? फोटो घेऊन मी घरी आले आणि स्वतः करायला बसले.

उपाय असा निघाला की फोटोत अशी जागा शोधायची जिथं गुलाल पोचला नसणार आणि जिचा खरा रंग आपल्याला माहीत आहे. पांढरं धोतर चालत नाही, ते गुलाबी असणारच. डोळ्याचा पांढरा भाग चालतो पण फोटोत फार बारीक येतो. हसणाऱ्या माणसाचे दात थोडेफार. सगळ्यात कामाला आला देवळाचा काळा दगड, तो पण वरच्या बाजूचा, कमानीच्या वर, जिथं उधळलेला गुलाल सहसा टिकत नाही. त्या दगडाचा आजचा फोटो काढून आणला, सावलीतला वेगळा आणि उन्हातला वेगळा, आणि त्याच्याशी जुळेपर्यंत फक्त उडालेला रंग भरत गेले. दुसरा उपाय अजून चांगला, पण निगेटिव्हची पट्टी हाती असेल तरच. मामा एकच रोल दुकानात सुरू करायचे आणि डोंगरावर संपवायचे. म्हणजे त्याच पट्टीवर आधीच्या दोन फ्रेम कराडच्या दुकानातल्या, पासपोर्टवाल्याची मागची भिंत पांढरी, शर्ट पांढरा, गुलालाचा संबंधच नाही. त्या फ्रेमचा रंग नीट लावला आणि तेच आकडे पुढच्या यात्रेच्या फ्रेमला लावले. वय निघून गेलं आणि गुलाल जागच्या जागी राहिला. पहिला फोटो असा लागला तेव्हा मामीला बोलावून दाखवला, ती स्क्रीनकडं बघून एवढंच म्हणाली, "हां, हा आपला गुलाल."

आता न नेलेल्या प्रिंट. हा एक वेगळाच गठ्ठा होता, सुतळीनं बांधलेला. पैसे भरून गेलेली माणसं, पण पत्ता चुकला, पोस्टातून परत आलं, किंवा पुढच्या खेट्यांना आलीच नाहीत. मामांनी एकही टाकला नव्हता, प्रत्येकाच्या मागं रजिस्टरचा नंबर. गावं कुठली कुठली, पाटण, वाळवा, शिराळा, कागल, निपाणी, चिकोडी, एक दोन कोकणातली पण. ज्या गावांत आमच्या ओळखी होत्या तिथं आधी गेले. माझी पद्धत साधी होती, मूळ प्रिंट बरोबर न्यायची नाही, मोठ्या आकाराची कॉपी काढून न्यायची, कारण म्हाताऱ्या डोळ्यांना पोस्टकार्ड साईज दिसत नाही आणि मोबाईलची स्क्रीन तर अजिबात नाही. देवळात किंवा दूध डेअरीपाशी सकाळी जाऊन बसायचं. फोनवर रेकॉर्डिंग लावायचं, पण विचारून.

वाळव्याकडच्या एका गावात एक आजी भेटल्या, नव्वदीच्या असतील, ऐकायला कमी पण नजर साबूत. फोटोत तिघी बायका ओळीनं बसलेल्या. आजींनी चेहऱ्यावरून बोट फिरवलं आणि मधलीच्या कानाशी थांबल्या. कानाच्या वरच्या पाळीत बुगडी. म्हणाल्या, "ही माझी थोरली जाऊ. ह्या बुगड्या तिच्या माहेरच्या. बहात्तरच्या दुष्काळात मोडल्या, त्याच्या पैशानं कडबा आणला. मग परत काय झाल्या न्हाईत." म्हणजे फोटो १९७२ च्या आधीचा, जे रजिस्टरचं पान वाळवीनं खाल्लं होतं ते एका बुगडीनं भरून दिलं. मी विचारलं, आजी बाकीच्या दोघी कोण? तर एक त्यांची नणंद, आणि तिसरी कोण ते काही केल्या आठवेना. मग दुपारी आम्ही निघताना त्यांचा नातू गाडीमागं पळत आला, आजी बोलावतायत. परत गेले तर म्हणाल्या, "ती तिसरी मीच हाय की गं." त्यांनी स्वतःचा तरुणपणीचा फोटो कधी बघितलाच नव्हता, यात्रेत पैसे भरून काढलेला होता पण तो घरी पोचलाच नाही. ती प्रिंट आता त्यांच्या घरात आहे, काचेची फ्रेम करताना मधे पुठ्ठ्याची कड टाकून घेतली म्हणजे पावसाळ्यात फोटो काचेला चिकटणार नाही. तुमच्याकडं आधीच काचेला चिकटलेला फोटो असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा.

तसंच ते चिकट पानांचे अल्बम, वर प्लास्टिकचा कागद असलेले, ऐंशीच्या दशकात घरोघरी आले होते, त्यातले फोटो नखानं काढायला गेलात तर फाटतात. दात साफ करायचा बारीक फ्लॉसचा दोरा फोटोच्या मागून आडवा सरकवत न्यायचा, अगदी सावकाश, करवत चालवल्यागत. दोरा अडला तर थांबायचं आणि पानासकट स्कॅन करायचं.

एक गोष्ट मी ठरवून पाळतेय, ओळख न पटलेल्या बायकामाणसांचे चेहरे कुठंही जाहीर टाकायचे नाहीत. त्यांनी फोटो घरासाठी काढला होता. काठ्या, देऊळ, दुकानं, गर्दी हे दाखवायला हरकत नाही, पण घरचा फोटो आधी त्या घरात जायला पाहिजे, मग त्यांनी काय ते ठरवावं. काही जणांना हे पटत नाही, म्हणतात टाकलं की आपोआप ओळख पटेल. पटेलही, पण आजींच्या थोरल्या जावेचा मोडलेला दागिना अनोळखी माणसांनी झूम करून बघावा हे मला नको वाटतं.

सध्या कामाची स्थिती अशी की १२० च्या निगेटिव्ह स्कॅन होऊन त्यांच्या तीन कॉप्या झाल्यात, एक माझ्याकडं, एक मामेभावाकडं कराडला, एक क्लाउडवर. फाईलच्या नावात रजिस्टरचा नंबर तसाच ठेवलाय, नवीन नंबर दिले नाहीत, कारण उद्या कुणी जुनी पावती घेऊन आलं तर थेट सापडलं पाहिजे. निगेटिव्ह नव्या कागदी पाकिटात, पाकिटावर आधीच पेन्सिलीनं लिहून मग आत घातलेल्या. काचेच्या प्लेटा उभ्या ठेवल्यात, आडव्या एकावर एक रचल्या की वजनानं तडकतात. त्या प्लेटांना पावसाळा संपेपर्यंत हात लावणार नाही, दमट हवेत त्यांच्यावरचा थर कडेनं सुटायला लागतो. आणि निपाणी चिकोडीकडची गावं अजून राहिलीत, तिकडची माणसं माघात खेट्यांना डोंगरावर येतात, तेव्हा मोठ्या कॉप्या घेऊन यमाईच्या वाटेवर मामांचं पाल असायचं त्याच जागेच्या आसपास बसायचं असं मी आणि मामीनं ठरवलंय.